आधी अटी ऐका

कंपनीनं नाही म्हटलं तेव्हा माझ्या नवऱ्याच्या मानेतून एक वायर आत हृदयापर्यंत गेली होती. तिचं दुसरं टोक खाटेला टांगलेल्या डब्याला जोडलेलं होतं. तो डबा ठोके देत होता म्हणून नवरा जिवंत होता. मान हलवू देऊ नका, वायर सरकली तर ठोका सुटेल, असं सिस्टरनं मला बजावलं होतं. सकाळी एकदा सुटलाही. नवऱ्याला जांभई आली, मान वळली, पडद्यावरची रेघ सपाट झाली आणि त्याचे डोळे पांढरे झाले. सिस्टरनं धावत येऊन मान सरळ केली, डब्याचं बटण फिरवलं, तेव्हा रेघ पुन्हा उड्या मारायला लागली.

ही वायर म्हणजे दोन-चार दिवसांची सोय. कायमचं मशीन छातीत बसवायचं होतं. ते बसवणारा हृदयाचा डॉक्टर अकोल्याहून खामगावच्या त्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदाच यायचा, आणि उद्या त्याचा दिवस होता. विमा कंपनीचा होकार आला तर उद्या मशीन. नाही आला तर पैसे भरा. पैसे नसतील तर पुढच्या फेरीला, म्हणजे चार दिवसांनी. चार दिवस माणूस जांभई दिल्याशिवाय कसा राहील, हे मला कोणी सांगेना. आमच्याकडे मळा आहे तेवढाच, आणि मळा काही एका दिवसात विकला जात नाही.

खाली विम्याच्या कामाची एक खिडकी होती. तिथल्या माणसानं कागद माझ्यापुढं सरकवला. आजी, नामंजूर आलं, म्हणाला. मी कारण विचारलं. तो म्हणाला, दाखल करताना तुम्हीच सांगितलं की यांना बीपी वीस वर्षांपासून आहे. पॉलिसी तीन वर्षांची. म्हणजे आजार आधीचा, आणि तुम्ही तो कंपनीपासून लपवला.

सांगितलं होतं मी. पण वीस वर्षं काही झाली नव्हती. बीपी निघाला त्याला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

मग मी पॉलिसीवाल्याला फोन लावला. आयुष्यात मी सगळ्यात जास्त शिव्या नवऱ्याला दिल्या. त्याच्या खालोखाल ह्या माणसाला.

गावात त्याला सगळे पॉलिसीवालाच म्हणायचे, मीही तेच म्हणते. खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो कारकून होता. जिनिंग बंद पडलं, मग म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्याच्या पॉलिस्या विकायला लागला. साठीचा, बारीक, उन्हानं काळा झालेला. मोपेडवर यायचा. खिशात भिंग आणि खांद्याला खताच्या रिकाम्या पोत्याची शिवलेली पिशवी, कारण त्या पिशवीत कागद भिजत नाहीत. आमचं गाव उंद्रीच्या जवळ. तो दर मंगळवारी यायचा, आणि तो आला की ज्यांना कामं होती ते कामाला जायचे आणि ज्यांना नव्हती तेही जायचे.

बाकीचे एजंट तुम्हाला काय मिळेल ते सांगतात. हा काय मिळणार नाही तिथून सुरू करायचा. ओसरीवर मांडी घालून बसायचा, पॉलिसीचं पुस्तक काढायचा, भिंग धरायचा आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायचा. एक पान वाचून त्याचा अर्थ सांगायचा, मग दुसरं पान. आमच्याकडं पोथी लावतात तशी तो पॉलिसी लावायचा. चहा आणला तर म्हणायचा, "आधी अटी आयका, मंग चहा." चहा गार व्हायचा. पुन्हा गरम करून आणला तर अजून अठरा पानं राहिलेली असायची. माझी जाऊ पहिल्यांदा ऐकायला बसली तेव्हा वाचन संपल्यावर तिनं सवयीनं हात जोडले आणि पुस्तकावर जास्वंदीचं फूल ठेवलं. त्यानं फूल उचलून तिच्या हातात परत दिलं. म्हणाला, हिच्यात पुण्य काही नाही बाई, नुसत्या अटी आहेत.

वाचन झालं की परीक्षा. ऐकलं ते समजलं का, हे तपासल्याशिवाय तो सही घेत नसे. मोतीबिंदूचं ऑपरेशन पॉलिसी घेतल्यापासून किती वर्षांनी मिळतं, असं त्यानं माझ्या नवऱ्याला विचारलं. नवरा म्हणाला, डोळा जाईल तेव्हा. त्यानं पुस्तक मिटलं. मला विचारलं, मी सांगितलं की दोन वर्षांनी. गुडघ्याचं विचारलं, तेही सांगितलं. दर बिलातला पाचवा हिस्सा आपल्या खिशातून, हेही सांगितलं. तर म्हणतो कसा, वहिनी पास, भाऊ नापास, आणि पॉलिसी दोघांची आहे, ती एकाच्या पासावर होत नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा सगळं पुस्तक. नवरा पुन्हा नापास. तिसऱ्या मंगळवारी मी नवऱ्याला सकाळी मळ्यात वांगी तोडताना उत्तरं पाठ करायला लावली, तेव्हा कुठं आमची सही झाली. पैसे आम्ही द्यायचे आणि मिनतवारीही आम्हीच करायची. अशानं त्याच्या पॉलिस्या किती विकल्या जाणार? त्याचा साहेब त्याला फोनवर ओरडायचा ते अंगणापर्यंत ऐकू यायचं. तो फोन कानापासून लांब धरायचा आणि भिंगानं पुढचं पान वाचायचा.

माणसांना तो नावानं हाक मारत नसे. वयानं मारायचा. नवऱ्याला पहिल्या वर्षी "काय सहासष्ट, कसं काय" म्हणायचा, दुसऱ्या वर्षी सदुसष्ट. हप्ता वयावर ठरतो म्हणून वय लक्षात ठेवतो, असं त्याचं म्हणणं. आता आमच्या वयाच्या लोकांची जन्मतारीख एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्या गावाची तीच टाकली, खरी कोणाला माहीत होती. त्यामुळं एक जूनला हा माणूस उन्हातान्हात घरोघर फिरून म्हाताऱ्यांना सांगायचा की तुमचं एक वर्ष वाढलं आणि हप्ताही वाढला. पेढा कोण देणार त्याला?

कोणी दवाखान्यात गेलं की तो पाठोपाठ पोचायचा, आणि पोचला की भांडण. उंद्रीच्या एका मोठ्या शेतकऱ्याला त्यानं पॉलिसी दिली होती. तो पडला, मांडीचं हाड मोडलं. घरच्यांनी स्पेशल खोली घेतली. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला माणसं रांगेनं येतात, आणि एवढा जमीनवाला माणूस सहा खाटांच्या खोलीत पडलेला दिसला तर घराची काय राहील, असं त्याच्या सुनांचं म्हणणं. पॉलिसीवाल्यानं त्यांना सांगितलं होतं की कंपनी खोलीचं भाडं ठरलेल्या आकड्यापर्यंतच धरते. त्याच्या वरची खोली घेतली तर नुसता खोलीचा फरक कापत नाहीत, डॉक्टरची फी, ऑपरेशन, सगळंच त्या हिशोबानं कापतात. सुना ऐकेनात. तेव्हा हा स्पेशल खोलीत गेला आणि आजाऱ्याच्या पलंगावर स्वतः बसला. उठेचना. मोडक्या हाडाचा माणूस बाहेर स्ट्रेचरवर आणि पॉलिसीवाला पलंगावर. शेवटी दोन पोरांनी त्याला काखेत धरून बाहेर ठेवला. बिल आलं तेव्हा निम्मं कापलेलं होतं. इथं दुसरा कोणी गप्प बसला असता. हा त्यांच्या घरी गेला आणि बिल कसकसं कापलं ते कोणी विचारलेलं नसताना जेवणाच्या वेळेला समजावून सांगायला लागला. त्यांनी हाकलून दिला. मला सांगताना म्हणाला, अर्धंच आयकलं त्याईनं, पुढं कामाचं होतं.

आमच्या गावातल्या एकाला डेंगू झाला होता. सलाईन चालू होती. चोवीस तास दवाखान्यात राहिल्याशिवाय कंपनी पैसे देत नाही, एवढं त्याला पाठ होतं. वीस तास राहिला. मग गावावरून फोन आला की विहिरीवरच्या मोटारीची लाईन आली. त्याचा कांदा पाण्यावाचून मान टाकत होता आणि लाईनीचा भरवसा नाही. गड्यानं सलाईन काढून घेतली, कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून मळा गाठला, मोटार चालू केली, तीन तास पाणी दिलं आणि परत येऊन खाटेवर झोपला. त्याला वाटलं, राहिलेले चार तास आता पुरे करू. पण दवाखान्यानं कागदावर लिहून टाकलं होतं की रुग्ण निघून गेला. तो पॉलिसीवाल्याशी भांडायला लागला, मी परत आलो ना म्हणून. पॉलिसीवाला त्याला म्हणाला, "तू परत आला बे, तास नाई आले."

ह्या माणसाची स्वतःची पॉलिसी नव्हती. अर्ज भरला होता, एकदा नाही, तीनदा. पण त्यानं स्वतःच्या अर्जात लहानपणीच्या हिवतापापासून सगळं लिहिलं. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींच्या थप्पीवरून पडला होता ते, साखर, एकदा लघवीतून रक्त गेलं ते. कंपनीनं तीनही वेळा नाही म्हटलं. कोणी म्हणालं, थोडं कमी लिहायचं होतं. तर त्यानं विचारलं, कोणतं कमी लिहू? त्याला खरंच कळत नव्हतं. तो गेला त्याला आता दीड वर्ष झालं. शेगावला बहिणीकडं होता, ताप आला, सरकारी दवाखान्यात नेला, चौथ्या दिवशी गेला. आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं.

तर त्या दिवशी मी फोन लावला. दुसरा कोणी असता तर आधी विचारलं असतं, कसे आहेत, काही खाल्लं का. हा म्हणाला, "वहिनी, डॉक्टरले नेमकं काय सांगतलं? शब्द सांगा."

"म्हटलं, वीस वर्षं झाली बीपीले."

"वीसच म्हटलं? वीस-पंचवीस नाई ना म्हटलं?"

"वीस."

"बरं. येतो."

त्यानं आम्हाला सांगून ठेवलं होतं, हेही लिहिते. तिन्ही मंगळवारी सांगितलं होतं की डॉक्टरपाशी आजाराची वर्षं वाढवून सांगू नका. पण त्याच दमात त्यानं दुसऱ्या चाळीस गोष्टी सांगितल्या होत्या. दोन्ही कानांत कापसाच्या गाठीसारखं कोंबून ठेवलं तर कामाचं एक कसं वर राहणार?

तो आला तो सरळ खिडकीवर. वर नवऱ्याला पाहायला आला नाही. नामंजुरीचा कागद त्यानं भिंगानं दोनदा वाचला. खिडकीवरचा माणूस तसा वाईट नव्हता. त्यानं आवाज खाली करून सांगितलं की सोपं आहे, दाखल करतानाचं पान नवीन लिहू, वीसच्या जागी दोन करू, डॉक्टर साहेबांची सही होऊन जाईल, आधीचं पान चुकून गेलं असं कंपनीला कळवू. मी म्हटलं, करा.

पॉलिसीवाल्यानं ते पान टेबलावर होतं तिथंच त्याच्यावर तळहात ठेवला. "हे पान असंच राहीन," म्हणाला.

मी म्हटलं, काऊन?

तो म्हणाला, पहिलं पान कंपनीत पोचलं आहे. आता दुसरं गेलं की दोन पानं होतील, आणि त्यातलं एक आपण बसून बनवलेलं. आज तुमच्या हातून नुसती चूक झाली आहे. उद्या ती लबाडी होईल, मग पॉलिसीच जाईल. खिडकीवरचा माणूस म्हणाला, काका, दहातल्या नऊ वेळा चालतं. तर हा म्हणतो, चालत असेल. तुम्हाला पाठवायचं तर पाठवा. मग कंपनीचा माणूस खात्री करायला मला फोन करील, आणि मी त्याला खरं सांगीन.

हे ऐकल्यावर खिडकीवरच्या माणसानं पान ओढून घेतलं आणि फायलीत ठेवून दिलं.

वर माझा नवरा मान न हलवता पडला होता आणि खाली हा मला शहाणपण शिकवत होता. "तुमचा कोणी वरतं पडलेला नाई म्हणून बोलून राह्यले," मी म्हटलं. त्याच्या पुढं जे बोलले ते इथं लिहीत नाही. औषधं घ्यायला उभी असलेली माणसं वळून पाहायला लागली. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"झालं?" म्हणाला. "आता बसा. लिहा."

त्यानं पिशवीतून कोरा कागद काढला. वर कंपनीचं नाव आणि पॉलिसीचा नंबर त्यानं लिहिला, खालचं मी माझ्या हातानं लिहायचं, म्हणाला. मी चौथीपर्यंत शिकलेली. सही करते, दुधाचा हिशोब लिहिते. कंपनीला काय लिहू? तो म्हणाला, जे झालं ते. मी लिहिलं की बीपी वीस वर्षांचा नाही, माझ्याकडून चुकून सांगितलं गेलं. त्यानं वाचलं आणि कागद परत दिला. चुकून म्हणजे कसं, ते लिहा. का सांगितलं ते लिहा.

"काऊन म्हणजे? सगळेच सांगतात," मी म्हटलं.

"मंग तेच लिहा."

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमच्याकडं सरकारी दवाखान्यात दोनशे माणसांची रांग असते. कालपासून दुखतंय म्हटलं की डॉक्टर मान वर करत नाही, पांढऱ्या गोळ्या लिहितो आणि पुढचा बोलावतो. दहा वर्षांपासून दुखतंय म्हटलं की मान वर करतो. म्हणून आम्ही सगळे वाढवून सांगतो. माझ्या सासूनं तसंच सांगितलं, मीही तसंच सांगते. महिन्याचं वर्ष, वर्षाची दहा. डॉक्टरलाही ते माहीत असतं, तो मनातल्या मनात कमी करून घेतो. पण ह्या खाजगी दवाखान्यातल्या नवीन डॉक्टरीणबाईनं कमी करून घेतलं नाही. जसंच्या तसं लिहून घेतलं.

हे मी कंपनीला लिहिलं. शब्द मोजके होते. नवरा मळ्यात पडला, शुद्ध नव्हती. मी घाबरले होते. डॉक्टरला थोडं सांगितलं तर तो थोडं पाहतो, म्हणून आमच्याकडं जास्त सांगतात. लवकर हात लावावा म्हणून मी वीस सांगितलं. नवऱ्यानं काही सांगितलं नाही, तो बोलण्यासारखा नव्हता. हे लिहायला मला पाऊण तास लागला. त्यातली अक्षरं वाकडी होती, ती त्यानं तशीच राहू दिली. बीपी कधी निघाला त्या तारखेची जागा मात्र रिकामी ठेवायला लावली. मी म्हटलं, दोन वर्षं लिहिते. तो म्हणाला, पुन्हा अंदाज? ते रजिस्टर सांगेल.

मग तो त्या डॉक्टरीणबाईच्या मागं लागला. ती त्याच्यावर चिडली, मला इतर पेशंट आहेत म्हणाली. तो तिच्या मागं खालच्या वॉर्डात तीन खाटा फिरला. शेवटी तिनं लिहून दिलं की ही माहिती बायकोनं तोंडी दिली, रुग्ण शुद्धीत नव्हता, जुना कागद एकही पाहिलेला नाही. तेवढं हातात पडल्यावर तो मोपेडवर बसला आणि आमच्या गावाकडं निघाला. तेव्हा अकरा वाजले होते. खिडकीवरच्या माणसानं सांगितलं की कंपनीला कागद सहाच्या आत गेले तर आज बघतील, नाही तर उद्या दुपारनंतर, तोवर हृदयाचा डॉक्टर अकोल्याला परत गेलेला असेल.

मी वर जाऊन नवऱ्याच्या कपाळावर हात दाबून बसले. जांभई आली की मी दुसऱ्या हातानं हनुवटी धरायची. त्याला काही सांगितलं नव्हतं. तो आपला छताकडं पाहून विचारायचा, वांगी तोडली का, बाजाराला कोणी नेली का. मी म्हणायची, तोडली. वांगी झाडालाच होती. थोड्या वेळानं पुन्हा तेच. सत्तरीला आलेला माणूस मरणाच्या दारात वांग्याची चौकशी करतो, आणि चिडायचं तर त्याची मान हलेल.

पॉलिसीवाल्यानं तिकडं काय काय केलं ते मला नंतर आमच्या गावच्या नर्सबाईनं सांगितलं. बीपी निघाला होता तो शाळेच्या ओट्यावर भरलेल्या सरकारी तपासणीत. ते रजिस्टर आमच्या गावच्या उपकेंद्रात, कपाटात. कपाटाची किल्ली नर्सबाईजवळ, आणि नर्सबाई लसीकरणाला पाच कोस लांबच्या वस्तीवर. हा तिथं गेला. तिच्यापुढं लेकरं रडत होती, आया रांगेत. तिनं सांगितलं की हे झाल्याशिवाय उठता येत नाही. तो रांगेत बसून राहिला. कोणी लेकरू रांगेत मध्ये घुसवलं की त्याला मागं पाठवायचा, म्हणून लवकर आटोपलं, असं नर्सबाई म्हणाली. मग तिला मोपेडवर मागं बसवून गावात आणली. नोंद सापडली. तिची नक्कल नर्सबाईनं हातानं काढली. शिक्का मोठ्या आरोग्य केंद्रातला पाहिजे, तिथं डॉक्टर जेवायला गेलेले. हा त्यांच्या घरी गेला. ते हात धुऊन आले आणि शिक्का दिला. वैशाखाचं ऊन होतं. ह्या सगळ्यात त्यानं कुठं पाणी घेतलं असेल तर मला माहीत नाही.

पाच वाजायला आले तेव्हा तो परत आला. ओठ फुटले होते. नकलेवर तारीख होती, बीपीचा आकडा होता, आणि पुढच्या रकान्यात लिहिलेलं होतं, नवीन रुग्ण. पॉलिसी त्याच्या सोळा महिने आधीची. त्यानं मला खाली बोलावून माझ्या कागदातली तारखेची जागा माझ्याच हातानं भरून घेतली. आकडा गिरवू नका म्हणाला, एकदाच काढा. मग खिडकीवरच्या माणसानं सगळं कंपनीला पाठवलं. सहा वाजले. सात वाजले. कंपनीचं एवढंच आलं की कागद मिळाले, तपासत आहोत.

मी त्याला विचारलं, "आता?"

"आता त्याईच्या हाती," तो म्हणाला.

"अन् त्याईनं नाई म्हटलं तं?"

"तं नाई."

ह्याच्यापेक्षा खोटं बोलणारा माणूस बरा, असं मला त्या वेळी वाटलं, आणि तसं मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला, वहिनी, ते पान बदललं असतं तर आत्तापर्यंत होकार आला असता, हे मलाही माहीत आहे. एवढं बोलून तो बाकावर जाऊन बसला. मी वर गेले.

दुसऱ्या दिवशी दहाला हृदयाचा डॉक्टर आला. खाटांवरून फिरला, आमच्या खाटेशी थांबला, मंजुरी आली का म्हणून सिस्टरला विचारलं. ती नाही म्हणाली. त्यानं नवऱ्याची नाडी पाहिली, डब्याकडं पाहिलं आणि सांगितलं की आधी दुसऱ्या पेशंटचं करतो, हे शेवटी, एकपर्यंत मंजुरी आली तर. तीनला मी निघतो. मी खाली गेले नाही. मला कपाळ सोडायचं नव्हतं. अकरा वाजले, बारा वाजले. नवऱ्यानं वांग्यांचं विचारणं बंद केलं, आणि ते मला आवडलं नाही.

साडेबारा झाले असतील. खिडकीवरचा माणूस स्वतः जिना चढून आला. मंजूर झालं म्हणाला. मी विचारलं, पॉलिसीवाला कुठं आहे. तो म्हणाला, मंजुरीचा कागद वाचला आणि निघून गेले, शेगावकडं कोणाचा तरी अर्ज भरायचा आहे म्हणाले. दोन दिवसांत तो वरचा जिना एकदाही चढला नाही. नवऱ्याला त्यानं पाहिलंही नाही. मी त्याला ना चहा पाजला ना बरं बोलले. नंतर बोलायचं राहून गेलं, असं म्हणणार नाही. नंतर तो पुष्कळदा आला आणि मला पुष्कळदा वैताग दिला, त्यात बरं बोलायची वेळ आलीच नाही.

एकला नवऱ्याला आत नेला. दार लागलं. मी बाहेर भिंतीशी उभी राहिले, बसावंसं वाटेना. हाताला त्याच्या कपाळाचा घाम होता, तो वाळला. दीड तासानं दार उघडलं. मानेतली वायर निघाली होती, छातीवर डाव्या बाजूला पट्टी होती. नवऱ्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, आणि काही झालं नाही.

नवरा जगला.